सोंग आणि ओळख

मराठीत ‘सोंग’ हा शब्द दोन तोंडांचा आहे. त्याला ‘घेणे’ हे क्रियापद जोडले की तो बहुधा लबाडीकडे झुकतो : झोपेचे सोंग, आजाराचे सोंग, वेडाचे सोंग. ‘वठवणे’ किंवा ‘नाचवणे’ जोडले की तोच शब्द खेळाकडे वळतो. हा भेद अगदी काटेकोर नाही. ‘सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही’ या म्हणीत दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. तरी भाषेला भेदाची जाण आहे. आपल्या रसिकतेला ती तितकीशी नाही. वेशांतराची चर्चा निघाली की आपली दाद एकाच शब्दापाशी येऊन थांबते : हुबेहूब. माझे म्हणणे असे, की हुबेहूबपणा ही लबाडीची कसोटी आहे, खेळाची नव्हे.

दारोदार फिरणारा बहुरूपी पाहा. पोलिसाचा वेश करून तो अंगणात येतो, घरधन्याला दरडावतो, पकडून नेण्याची भाषा करतो. क्षणभर घरातली लहान माणसे बिचकतात. मग कुणीतरी हसते, सोंग उघडे पडते आणि बहुरूप्याला बिदागी मिळते. हा क्रम महत्त्वाचा आहे. त्याचे सोंग पुरते यशस्वी झाले, कुणालाच संशय आला नाही, तर तो रिकाम्या हाताने परत जाईल. तोतयाची कमाई ओळख लपण्यावर असते, बहुरूप्याची ओळख पटण्यावर. दोघांचा पोशाख एकच असला तरी व्यवहार उलटा आहे.

जव्हार-मोखाडा आणि नाशिककडच्या आदिवासी गावांतल्या बोहाड्यात हीच गोष्ट सामुदायिक पातळीवर दिसते. तिथे मुखवट्यालाच सोंग म्हणतात. रात्री संबळाच्या तालावर गणपती, सरस्वती, मग रामायण-महाभारतातली पात्रे, राक्षस, त्राटिका अशी सोंगे एकामागून एक नाचत येतात आणि शेवटाकडे देवी व महिषासुर यांचे युद्ध होते. ठरावीक सोंग ठरावीक घराण्याने नाचवायचे, असा मान अनेक गावांत चालत आला आहे. म्हणजे लाकडी चेहऱ्याआड कोण आहे, हे गावाला आधीच ठाऊक असते. ते ठाऊक असल्याने भक्ती कमी होत नाही आणि मजाही कमी होत नाही. रोज भाताच्या खाचरात दिसणारा शेजारी आज रावण झाला आहे, ही दुहेरी जाणीवच पाहणाऱ्याला रात्रभर जागवते.

यावर आक्षेप येईल तो बालगंधर्वांचा. त्यांची नेसण आणि केशरचना घरंदाज स्त्रियांनी उचलली. मग तिथे तरी हुबेहूबपणाच जिंकला ना? मला तसे वाटत नाही. जी अजून कुणी नेसलीच नव्हती, तिची नक्कल कशी होईल? इथे सोंग आधी आले आणि अस्सल त्याच्या मागून चालले. शिवाय तिकीट काढून आलेल्या प्रत्येकाला नारायण श्रीपाद राजहंस हा पुरुष समोर उभा आहे, हे माहीत होते. खाडिलकरांच्या ‘मानापमान’मध्ये (१९११) तर हा खेळ आणखी एक पायरी चढतो. श्रीमंत भामिनी गरीब वनमालेच्या वेशात धैर्यधराला भेटते. म्हणजे रंगमंचावर एक पुरुष स्त्री होऊन, ती स्त्री दुसरीच स्त्री होऊन वावरत असते. फसतो तो एकटा धैर्यधर. प्रेक्षक फसत नाही, म्हणूनच तो रंगतो. उतारवयात शरीर साथ देईना, तेव्हाही बालगंधर्वांना प्रेक्षक मिळत राहिले. त्यात गाण्याचा वाटा मोठा होता, हे मान्य. पण केवळ साम्यावर उभे असलेले सोंग तेवढी वर्षे टिकले नसते.

विनोदी परंपरेत हे अधिक उघड आहे. अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’त किंवा ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या चित्रपटात लुगड्याआडचा पुरुष सतत डोकावत राहतो. तो पूर्ण लपला तर विनोद तिथेच संपेल.

आता शाळेतली वेशभूषा स्पर्धा घ्या. वेश भाड्याने आणलेला, पात्र पालकांनी ठरवलेले, चार वाक्ये पाठ करून घेतलेली. परीक्षक गुण देतात ते पगडीच्या घडीला आणि मिशीच्या कोरीवपणाला. पाच वर्षांचे मूल टिळक किंवा झाशीची राणी होऊन उभे राहते आणि चिकटवलेली मिशी सुटेल म्हणून हसूही शकत नाही. तेच मूल घरी आईची ओढणी पाठीला बांधून तासभर राक्षस होते, मध्येच पाणी पिते, ‘आता मी वाघ’ असे जाहीर करते. तिथे साम्य शून्य आणि आनंद पुरेपूर असतो. बोहाड्यातला मोठा माणूस राक्षस होऊ शकतो. स्पर्धेतल्या मुलाला बहुधा थोर पुरुषच व्हावे लागते. कारण तिथे ते मूल खेळत नसते, पालकांची हौस आणि प्रतिष्ठा पेलत असते.

मोठ्यांची हौस ही काही वाईट गोष्ट नव्हे. अडचण अशी की शहरात राहायला आलेल्या मोठ्यांना स्वतः सोंग नाचवण्याची जागाच उरली नाही. बोहाड्यात किंवा दशावतारात बाप स्वतः तोंडाला रंग लावतो आणि मूल ते पाहते. शहरी स्पर्धेत बाप मोबाइल धरून समोर बसतो आणि आपले सोंग मुलाच्या अंगावर चढवतो. स्पर्धा बंद करा, असे मी म्हणणार नाही. एखाद्या वर्षी परीक्षक काढून टाकावेत, पात्र मुलांना निवडू द्यावे आणि पालकांनीही काहीतरी बनून यावे, एवढे मात्र करून पाहण्यासारखे आहे. राक्षस झालेल्या बापाला पोराने ओळखले, की सोंग वठले म्हणायला हरकत नाही.