नियम आणि कथा : काही जुन्या-नव्या व्हिडिओ गेमचा विचार

व्हिडिओ गेम हा विषय साहित्यविषयक नियतकालिकात यावा काय, असा प्रश्न कोणी केल्यास तो गैरवाजवी म्हणता येणार नाही. परंतु हे खेळ आता कथा सांगू लागले आहेत, पुराणांतील पात्रांना हात घालू लागले आहेत, आणि आपल्या कित्येक विद्यार्थ्यांची त्या पात्रांशी पहिली भेट ग्रंथात न होता पडद्यावरच होत आहे. तेव्हा ह्या कथा कशा सांगितल्या जातात हे पाहणे समीक्षकाच्या कक्षेत येते. जुन्या खेळाडूंचे एक मत आमच्या हैदराबादेतही वारंवार ऐकू येते : पूर्वीचे खेळ थोर होते, आजचे केवळ देखणे आहेत. प्रस्तुत लेखक त्याच पिढीतील खेळाडू आहे. तथापि हे मत जसेच्या तसे ग्राह्य मानण्यास तो तयार नाही.

खेळाची परीक्षा कोणत्या निकषावर करावयाची? आपल्याकडील मोक्षपट येथे उपयोगी पडतो. परंपरेने त्याचे कर्तृत्व ज्ञानदेवांकडे दिले आहे. तो वाद बाजूला ठेवला तरी पटाची रचना विचार करावयास लावणारी आहे. सद्गुणाच्या घरी शिडी, दुर्गुणाच्या घरी साप. पटाशेजारी बसून कोणी कीर्तन करीत नाही. सोंगटी घसरते तेव्हाच उपदेश होतो. येथे नियम हाच आशय आहे. हाच पट पुढे मुलांची सापशिडी झाला, तेव्हा घरांची नावे गळाली. नियम उरला आणि अर्थ गेला. आजच्या अनेक खेळांत ह्याच्या नेमके उलट घडते. अर्थ भव्य असतो, पण नियम त्याला शिवतही नाही.

जुन्या खेळांचे सामर्थ्य ह्या निकषावर चांगले उलगडते. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो ह्यांनी रचलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घ्या. परग्रहवासीयांच्या रांगा आडव्या सरकत खाली उतरतात आणि खेळाडू त्यांना टिपतो. कथा म्हणावी तर एवढीच. परंतु शत्रू जसजसे कमी होतात तसतसा उरलेल्यांचा वेग वाढतो. ह्याचे मूळ कारण यांत्रिक होते : पडद्यावर काढावयाच्या आकृती कमी झाल्या की त्या यंत्राचे काम हलके होई आणि चित्र अधिक वेगाने हले. निशिकादोंनी हा योगायोग दूर न करता तसाच ठेवला. परिणामी विजय जवळ येतो तशी भीती वाढते. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही जी लयतत्त्वे मांडली, त्यांतील विरोधाचे इतके निर्भेळ उदाहरण मला दुसरे सहजी आठवत नाही.

मात्र जुन्या खेळांच्या कठोरपणाचे जे गोडवे गायिले जातात त्यांत थोडा भाबडेपणा आहे. पार्लरमधील यंत्र नाण्यावर चाले. खेळाडू लवकर मरावा ह्यातच मालकाचे हित होते. हीच वृत्ती आज मोबाइलवर नव्या वेषात परतली आहे. २०१२ च्या ‘कँडी क्रश सागा’त हरणाऱ्याचे जीव संपले की अर्धा अर्धा तास वाट पाहावी, नाही तर पैसे मोजावे. आणि ‘९९९९ खेळ’ असे छापलेल्या त्या काडतुसांत मोजून दहा-वीसच निराळे खेळ निघत, हेही सुवर्णयुगाचे गुणगान करणाऱ्यांनी विसरू नये.

जुन्यांतील खरी थोरवी पाहावयाची तर जॉर्डन मेकनर ह्यांचा १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ पाहावा. धाकट्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचे चित्रण करून त्यावरून मेकनरांनी राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. म्हणून त्या देहाला वजन आहे, तो पडला की दुखते. राजकन्येला दिलेली मुदत एक तासाची, आणि खेळाडूलाही प्रत्यक्षात तेवढाच तास. एके ठिकाणी आरसा आडवा येतो. त्यातून धावत उडी घ्यावी लागते, आणि आरशाच्या पलीकडून राजपुत्राची छाया वेगळी होऊन निघून जाते. पुढे ती त्याचे औषध पिऊन टाकते, त्याच्या वाटा अडविते. अखेर दोघे तलवारी उपसून समोरासमोर येतात. छायेवर केलेला प्रत्येक वार राजपुत्रालाही लागतो. तिला मारले तर तो मरतो. उपाय एकच : तलवार म्यान करावयाची. मग छाया त्याच्यात मिसळते, आणि पुढे जेथे नुसती पोकळी दिसत होती तेथे पाऊल टाकताच जमीन प्रकट होते. हे सर्व घडते ते एका शब्दावाचून. बोटांना शिकविलेली सवय बोटांनीच मोडावी लागते, आणि आत्मशत्रुत्वाचा आशय त्या थांबण्यातच आहे.

ह्या उंचीवरून २०२० मधील ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’कडे यावे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेची ही निर्मिती. असुरांनी पळविलेल्या गोलू नावाच्या भावाला शोधणारी राजी, निवेदन करणारे दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी वास्तुशैलीचे महाल, पहाडी चित्रांची आठवण देणारे रंग : दृष्टिसुखाला तोटा नाही. (मूळ आवृत्तीत हे देव इंग्रजी बोलतात, हे मात्र कानाला बोचते.) दोष निराळाच आहे. भिंतीवरील चित्रांपुढे राजी उभी राहते आणि देव तिची कथा ऐकवितात. मग ती पुढे जाऊन त्रिशूळाने लढते. ऐकलेल्या कथेमुळे लढण्यात काही बदलत नाही. पुराण येथे भिंतीवरच राहते. अपवाद एकाच जागेचा : वर्तुळाकार तुकडे फिरवून भावाच्या आठवणीतील चित्र जुळवावयाचे, तेथे हात आणि मन एकाच कामात गुंततात. आपल्या पौराणिक कादंबरीलाही ही व्याधी अपरिचित नाही. वर्णने पुराणांची आणि घटना कोणत्याही काळातील.

आमच्या शहरातील ओग्रहेड स्टुडिओने २०१७ मध्ये काढलेला ‘असुर’ ह्याहून कमी देखणा आणि, माझ्या मते, अधिक खेळ आहे. सूडासाठी निघालेला अर्ध-असुर नायक मरतो, तेव्हा सारे पुन्हा आरंभापासून. आणि नव्या जन्मी भुयारांची मांडणीही बदललेली असते. पुनर्जन्म हा शब्द येथे सजावटीचा नाही, तो खेळाचा नियमच आहे. ही युक्ती नवी नव्हे. १९८० च्या सुमाराच्या ‘रोग’ ह्या खेळातून ती आली. (नाव मराठी कानाला चमत्कारिक लागेल, इंग्रजीत त्याचा अर्थ भामटा.) त्यात केवळ टंकलिखित अक्षरांची भुयारे होती. म्हणजे आमचा हा नवा खेळ वृत्तीने ‘राजी’च्याच काय, पण ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्याही आधीचा. मात्र मोक्षपटाशी तोलले तर ‘असुर’ही अर्ध्या वाटेवर थांबतो. जन्म बदलतो, वाट बदलते, परंतु मागील जन्मीच्या कर्माचा नैतिक भार पुढे येत नाही. येते ते खेळाडूच्या हाताचे कौशल्य. दहाव्या मृत्यूनंतरही नायकाचा सूड पहिल्याइतकाच कोरा असतो, आणि त्याने कोणाला का मारावे हे त्याला एकदाही विचारले जात नाही.