अमेरिकी पल्प साहित्यातील जपान : मुखपृष्ठ आणि संहिता

प्रास्ताविक

लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त, खरखरीत कागदावर छापली जाणारी अमेरिकेतील कथामासिके 'पल्प' या नावाने ओळखली गेली. १८९६ मध्ये 'आर्गोसी'ने हे रूप स्वीकारले. या मासिकांची विक्री बव्हंशी भडक मुखपृष्ठावर अवलंबून असे. त्यामुळे मुखपृष्ठ हे केवळ वेष्टन न राहता कथा कशी वाचावी याचा पहिला संकेत ठरले. या साहित्यातील जपानची प्रतिमा तपासताना मुखपृष्ठ आणि संहिता यांतील अंतर म्हणूनच लक्षात घ्यावे लागते.

शत्रूची प्रतिमा

१९०५ मध्ये जपानने रशियाचा पराभव केल्यानंतर 'पीत संकटा'च्या कल्पनेला नवे बळ मिळाले. पल्प लेखकांनी अनेकदा चीन व जपान यांत भेद न करता एकच 'आशियाई' आक्रमक उभा केला. रॉबर्ट हाइनलाइन यांची 'सिक्स्थ कॉलम' ही कादंबरी याचे लक्षणीय उदाहरण होय. 'अस्टाउंडिंग' मासिकात ती जानेवारी ते मार्च १९४१ मध्ये, म्हणजे पर्ल हार्बरवरील हल्ल्यापूर्वी, टोपणनावाने प्रसिद्ध झाली. तीत 'पॅनएशियन' सत्ता अमेरिका जिंकते आणि तिच्याविरुद्ध वंश ओळखून मारणारे अस्त्र वापरले जाते. परंतु याच कादंबरीत अमेरिकेशी एकनिष्ठ असलेले आशियाई वंशाचे एक पात्रही आहे. निष्ठा वंशावरून ठरत नाही, हे या पात्रातून सूचित होते. अस्त्राला मात्र वंश तेवढा कळतो. ही विसंगती कादंबरीला सोडविता आलेली नाही. मुखपृष्ठाला तर ती मांडण्याचीही सोय नसते, कारण तेथे शत्रू चेहऱ्यावरूनच ओळखू यावा लागतो.

फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशानंतर जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकी नागरिक होते. हा आदेश साहित्याने घडविला असे म्हणता येणार नाही. तथापि चेहऱ्यावरून निष्ठा ठरविणारी दृष्टी दोन्हीकडे समान होती.

स्नेह्याची प्रतिमा

पल्पच्या तुलनेत प्रतिष्ठित अशा 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट'मधून १९३५ मध्ये जॉन मार्क्वांड यांचा मिस्टर मोटो अवतरला. हा जपानी गुप्तहेर सभ्य, चतुर आणि बहुधा यशस्वी होता. १९३७ ते १९३९ या काळातील आठ चित्रपटांत ही भूमिका पीटर लॉरे या युरोपीय नटाने केली. १९४२ मधील कादंबरीनंतर मोटो नाहीसा झाला, तो १९५७ मध्ये परतला.

१९५२ मध्ये दोस्तांचा ताबा संपल्यावर अर्ल नॉर्मन यांच्या 'किल मी इन टोकियो' (१९५८) सारख्या पेपरबॅक कादंबऱ्या आल्या. अशा पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर गणवेशधारी शत्रूची जागा किमोनोतील स्त्रीने घेतली. भय ओसरले आणि उपभोगाची दृष्टी आली. चित्रातील जपानी व्यक्तीला स्वतःचे मत मात्र मिळाले नाही.

निष्कर्ष

जपानची ही प्रतिमा जपानमधील बदलांपेक्षा अमेरिकेच्या गरजांनुसार बदलत गेली. संहितेत क्वचित आढळणारे अपवाद मुखपृष्ठाने झाकले. पुनर्मुद्रणात मूळ मुखपृष्ठे अनेकदा गळतात आणि अभ्यासकाच्या हाती केवळ संहिता उरते. वाचकाने प्रथम काय पाहिले, हा पुरावा त्यामुळे हरवतो. लोकप्रिय साहित्याच्या अभ्यासात मुखपृष्ठाला संहितेइतकेच स्थान देणे म्हणून अगत्याचे आहे.