मधले पंचवीस दिवस

१७९४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एक पत्र छापून आले. खाली लेखकाचे नाव नाही, ‘बी. एल.’ एवढी दोनच अक्षरे आहेत. पत्र पुण्याकडच्या एका शस्त्रक्रियेविषयी आहे आणि सोबत एक चित्र आहे. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात या पत्राचा उल्लेख मोठ्या मानाने होतो. आपल्याकडेही ‘आमच्या कुंभाराने साहेबाला नाक जोडायला शिकविले’ असे म्हणून आपण मान डोलावतो आणि मोकळे होतो. पत्र मात्र कोणी वाचीत नाही. मी ते वाचले, आणि वैद्यकातले काही कळत नसताना केवळ एक लेखन म्हणून वाचले. माणसाचा चेहरा बदलण्याविषयी आजकाल जे ढीगभर छापले जाते त्याच्या शेजारी हे दीड-दोन पानांचे पत्र ठेवले, की लेखनातला खरेपणा म्हणजे काय याचा प्रत्यय येतो.

हकीकत अशी. कावसजी नावाचा एक माणूस इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. नाव पारशी वळणाचे. पण पत्रलेखक त्याला मराठा, जातीने शेतकरी म्हणतो. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि टिपूने त्याचे नाक व एक हात कापला. तशा स्थितीत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. कंपनी सरकारने त्याला पेन्शन बांधून दिले. बारा महिन्यांहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला, आणि मग पुण्याजवळच्या, वीट भाजणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसविले. मुंबई इलाख्यातले क्रूसो आणि फिंडले हे दोन डॉक्टर अशी क्रिया स्वतः पाहिलेले होते. निवेदनाला आधार त्यांचाच आहे.

मराठी माणसाला नाक म्हणजे काय, हे सांगायला नको. आपली सारी अब्रू या एका अवयवावर तोललेली. लग्नात मानपान चुकला तरी आपले नाक कापले जाते, आणि तेवढ्यावर दोन पिढ्यांचे बोलणे बंद होते. कावसजीच्या बाबतीत हा वाक्प्रचार नव्हता.

आता निवेदन कसे आहे ते पाहा. आधी मेणाचा पातळ पत्रा घेऊन त्याचे तुटलेल्या जागी शोभेलसे नाक घडवायचे. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. मेणाचे काम संपले. रेघेच्या आतली कातडी सोडवून घ्यायची. मात्र दोन भुवयांच्या मध्ये एक बारीकशी पट्टी न कापता राखायची, कारण जोड सांधेपर्यंत रक्त तिच्यातूनच येणार. नाकाच्या जागेवरचा जुना व्रण खरवडून ताजा करायचा, भोवती चीर द्यायची, आणि कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणून तिची कड त्या चिरेत बसवायची. वरून कापडाच्या पट्ट्या, पाच-सहा, एकीवर एक. आणि त्यांना लावायला पाण्यात मऊ केलेला कात. पत्रलेखक काताला जे नाव देतो त्याचा शब्दशः अर्थ ‘जपानची माती’ असा आहे! आपल्या पानदानातला कात साहेबाच्या कागदावर जपानी झाला. असो.

सुश्रुताची रीत यापेक्षा निराळी होती. तो गालावरची कातडी घ्यायला सांगतो, माप झाडाच्या पानाने घेतो, आणि वर पतंग, ज्येष्ठमध व रसांजन यांचे चूर्ण टाकून तिळाच्या तेलाने शिंपायला सांगतो. गालाची जागा कपाळाने कधी घेतली याच्या चर्चेत आपण शिरू नये. मला आवडतो तो पत्रातला पुढचा भाग, कारण इतर लिहिणारे जिथे थांबतात तिथून तो सुरू होतो. चार दिवस काताखेरीज दुसरी पट्टी नाही. मग ती काढून तुपात भिजवलेली कापडे. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे निजायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती राखलेली पट्टी कापायची आणि नाकाला डौल यावा म्हणून थोडी आणखी कापाकापी. एकही विशेषण नाही. पण ते दिवस एकामागून एक समोर येतात आणि वाचणाऱ्यालाही उताणे निजायला लावतात. कपाळाच्या कातडीचे नाक करताना तो सांधा सुमारे तीन आठवड्यांनी सोडवण्याची पद्धत आजही आहे. पुण्याच्या कारागिराचा हिशेब बरोबर होता.

पत्रात उणिवा आहेत, आणि त्या लहान नाहीत. ईथरने गुंगी देण्याची युक्ती १८४६ ची. म्हणजे हे सारे जागेपणी झाले, आणि वेदनेचा एक शब्द पत्रात नाही. कावसजीही एक शब्द बोलत नाही. त्याचे नाव तरी आहे. पाहणाऱ्या दोघा डॉक्टरांची नावे आहेत. ज्याने हे केले त्याला मात्र जात आहे, नाव नाही. ही क्रिया सहसा यशस्वी होते आणि नवे नाक जवळजवळ खऱ्यासारखे दिसते, असे एक वाक्य शेवटाकडे आहे; तेवढे एक जाहिरातीच्या वळणाचे आहे. पण त्यालाही सोबतचे चित्र आवर घालते.

चित्र जेम्स वेल्सच्या चित्रावरून केलेले. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणारा हाच तो वेल्स. दरबारी माणसांच्या चित्रांत चित्रकाराला पदाचा मान राखावा लागतो. इथे कपाळावरचा व्रण तो झाकीत नाही. भोवती मेणाच्या पत्र्याच्या आकृती आहेत, आणि पत्रात स्पष्ट लिहिले आहे की हे चित्र १७९४ च्या जानेवारीत, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी काढले. ‘दहा महिन्यांनी’ हे दोन शब्दांएवढे टिपण मला फार मोलाचे वाटते. पुढे लंडनच्या कार्प्यू नावाच्या डॉक्टराने मुडद्यांवर सराव करून १८१४ मध्ये हीच क्रिया केली आणि १८१६ मध्ये ती छापली. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडताना रोग्याच्या मित्राला जे आश्चर्य वाटले तेही त्याने लिहून ठेवले. तिसरा दिवस, दहावा दिवस, दहावा महिना. या लोकांना मधल्या काळाची लाज वाटत नव्हती.

आता आजचे वाङ्मय घेऊ. होय, वाङ्मयच, दवाखान्यांतून गुळगुळीत कागदावर मिळणारी फेसलिफ्टची माहितीपत्रके आज पुष्कळ लोक वाचतात. त्यांची रचना ठरलेली. डावीकडे ओघळलेल्या गालांचा, खिन्न, अंधारात बसलेला चेहरा. उजवीकडे तोच चेहरा उजेडात, हसरा. खाली ‘आधी’ आणि ‘नंतर’. नंतर म्हणजे किती दिवसांनी, ते लिहिलेले नाही. गोष्टीचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद छापून मधली गोष्ट गाळावी, तसा हा प्रकार.

फेसलिफ्ट करू इच्छिणाऱ्यांवर मला हसायचे नाही. आपण केस रंगवतो, कवळी बसवतो, आणि चार लोकांत तरुण दिसलो तर मनातून सुखावतो. मग कोणी गालाची कातडी नीट करून घेतली तर नाके मुरडण्याचा अधिकार आपल्याला कोठून आला? कावसजीची गरज निराळी आणि ही हौस निराळी, हे खरे. पण दोन्हींचे मर्म एक: कातडी जागेवरून उठवायची, हलवायची, आणि तिचा रक्ताचा धागा तुटू द्यायचा नाही.

चीर कानशिलाच्या केसांतून निघते, कानापुढून उतरते, पाळीला वळसा घालून कानामागे जाते आणि मानेवरच्या केसांत लपते. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०१ च्या सुमारास, बर्लिनच्या होलेंडरने केले ते एवढेच, की कडेची कातडी कापून उरलेली ताणली. गादीची खोळ ताणून गादी नीट होत नाही, आतला सरकलेला कापूस आधी जागी आणावा लागतो, हे कळायला पुढची सत्तर वर्षे गेली. १९७४ मध्ये स्वीडनच्या स्कूगने कातडीखालच्या थरासकट उचलण्याची रीत सांगितली. १९७६ मध्ये मिट्झ व पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी त्या थराचे नीट वर्णन केले. ‘स्मास’ म्हणतात तो हाच. १९९० मध्ये अमेरिकेतील हॅमरा त्याही खाली उतरला. आज ताण आतल्या थराला देतात आणि कातडी वर सैल पांघरतात. वाऱ्यात उभे राहिल्यासारखा ताणलेला चेहरा त्यामुळे टळतो. पुरुषांच्या बाबतीत एक मौज होते: दाढीची कातडी मागे सरकते आणि कधीकधी कानामागे वस्तरा फिरवावा लागतो.

आणि मधले दिवस? पहिल्या रात्री डोक्याभोवती पट्टी, क्वचित कानामागून साचलेले रक्त काढणारी नळी, डोके उंच ठेवून उताणे निजणे. अगदी कावसजीसारखे. भीती असते ती कातडीखाली रक्त साकळण्याची. हे बहुधा पहिल्या चोवीस तासांत होते, रक्तदाब वाढलेल्यांना व पुरुषांना अधिक. एका बाजूला एकाएकी वेदना आणि फुगवटा आला तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे लागते. आमच्या सटाण्याहून नाशिक नव्वदेक किलोमीटर. संध्याकाळी टाके घालून रात्री एसटीने घरी यायचे, असा बेत कोणी करीत असेल तर त्याने तो सोडावा आणि दोन-तीन दिवस तिथेच नातेवाइकांकडे राहावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त. काळेनिळे डाग पिवळे होत मानेवर उतरतात आणि दोन्ही गाल एकमेकांशी जुळत नाहीत. पाचव्या ते दहाव्या दिवसांत टाके निघतात. चार माणसांत जायला दोन आठवडे तरी लागतात. मंगलकार्य तोंडावर आले असताना हे करू नये ते यासाठीच. कानाच्या पाळीची आणि गालाची संवेदना कित्येक आठवडे, कधी महिने, जाते. कुडी घातली तरी कळत नाही. ओठाची किंवा भुवईची हालचाल क्वचित मंदावते, ती बहुतेकांची काही महिन्यांत परत येते. फार थोड्यांची येत नाही. व्रणाची लाली फिकी पडायला वर्ष जाते. ओठांभोवतीच्या बारीक रेघा आणि उन्हाने रापलेली कातडी यांत तर फरक पडतच नाही, आणि वय पुढे चालतच राहते.

तंबाखूविषयी पत्रकांत बारीक टाइपात एक ओळ असते. ती मोठ्या टाइपात हवी. निकोटीनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, आणि उठवलेल्या कातडीचा रक्तापासून सर्वांत दूरचा भाग, म्हणजे कानामागचा, काळा पडून मरू शकतो. विडी-सिगारेट तर सोडावीच; पण मिश्री लावणाऱ्या बायकांना ही ओळ आपल्यासाठीही आहे हे सुचत नाही, आणि डॉक्टरांना विचारायचे सुचत नाही. पुण्याच्या कारागिराने दोन भुवयांमध्ये ती बारीक पट्टी राखली होती ती याच रक्तासाठी.

पत्रक छापणाऱ्यांना मला एवढेच विचारायचे आहे, की तिसऱ्या दिवसाचे छायाचित्र त्यांच्यापाशी असते की नाही. असते, कारण नोंदीसाठी असे फोटो काढून ठेवण्याची पद्धत आहे. रोग्याची संमती असेल तर ते ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्या मध्ये छापावे, खाली दिवस घालून. आणि तपासणीला गेलेल्या बाईने ते मागून पाहावे. उजवीकडच्या हसऱ्या चेहऱ्याखालीही ‘दहा महिन्यांनी’ असे काही लिहिता येईल. १७९४ मध्ये ते लिहिले गेले होते.