'बनगरवाडी'तलं गवत

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आपण माणसांची कादंबरी म्हणून वाचतो. तरुण मास्तर, धनगरांची वाडी, म्हातारा कारभारी, लोकांनी उभी केलेली तालीम. पण शेवट आठवून बघा. पाऊस पडत नाही, मेंढरं मरतात, वाडी रिकामी होते. शाळा आणि तालीम जागच्या जागी असतात, तरी गाव उरत नाही. या गावाचा खरा पाया गवत आहे, आणि माडगूळकर हे भाषण न ठोकता दाखवतात.

ही कादंबरी आज बारामती-इंदापूरच्या माळावर वाचायला हवी. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७मध्ये चिंकारांसाठी राखलं गेलं. क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळात वनविभागाची गवताळ सफारी सुरू झाली आहे. सरकारी नोंदीत 'पडीक' ठरलेल्या, चर खणून झाडं लावायच्या जागा समजल्या गेलेल्या माळाला अखेर त्याचं नाव मिळतंय. डेटाबेसमध्ये कॉलमचं नाव चुकलं की पुढची प्रत्येक क्वेरी चुकते. 'पडीक' हा तसलाच शब्द.

पण सफारीच्या फोटोंत चिंकारा असतो, लांडगा असतो, मेंढपाळ नसतो. या भागातला लांडगा मोठ्या प्रमाणात मेंढ्या-शेळ्यांवर जगतो. कळप गेला, तर तो काय खाणार?

याचा अर्थ चराई निर्धास्त चालू द्यावी, असाही नाही. खरी अडचण वेळेची आहे. इथले बरेच धनगर दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे गवताला वाढून बी धरायचं असतं, नेमके तेव्हाच कळप घरी असतात. पूर्वी माळ मोठा होता, कळप पुढे सरकायचा, मागचं गवत सावरायचं. आता कालवा आला, ऊस आला, प्लॉट पडले. उरलेल्या तुकड्यावर चिंकारा आणि मेंढी दोघांचा भार आहे.

इथेच 'बनगरवाडी' अपुरी पडते. तिच्यात संकट आभाळातून येतं, त्यामुळे दोष कुणालाच देता येत नाही. आजचं संकट नकाशावर आखलेलं असतं. कुठला तुकडा किती महिने बंद ठेवायचा, कुठला उघडायचा, हे कुणीतरी ठरवतं, आणि त्या बैठकीत कारभाऱ्याला खुर्ची नसते. पाळीपाळीनं माळ राखणं जमण्यासारखं आहे, पण बंदी मेंढपाळांना विचारून घातली तरच ती पाळली जाईल. तारेचं कुंपण रात्री वाकवता येतं, स्वतः दिलेला शब्द मोडणं अवघड जातं.

माडगूळकरांनी गवत संपल्यावर गाव कसं संपतं ते लिहिलं. गवत राखलं, पण गाव बाहेर काढलं, तर काय उरतं, ही कादंबरी मराठीत अजून लिहायची आहे. ती कुणा मेंढपाळाच्या मुलीनं लिहावी.