शेवटाचा अधिकार आणि मालिकेचा आकार : ‘लॉस्ट’च्या निमित्ताने

प्रस्तावना

कादंबरी किंवा नाटक कोठे संपवायचे हे लेखक ठरवतो, ही गोष्ट आपण गृहीत धरतो. दूरचित्रवाणी मालिकेच्या लेखकाकडे मात्र हा अधिकार सहसा नसतो. प्रेक्षकवर्ग टिकून आहे तोवर वाहिनी मालिका चालू ठेवते. तो घटला की ती बंद करते. परिणामी यशस्वी मालिका संपत नाही आणि अयशस्वी मालिका अर्ध्यावर तुटते. या व्यवस्थेला छेद देणारे एक ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील एबीसी वाहिनीवरील ‘लॉस्ट’ (२००४–२०१०) ही मालिका. तिचे सूत्रधार डेमन लिंडेलॉफ व कार्लटन क्यूज यांनी समाप्तीची मुदत तीन वर्षे आधीच ठरवून घेतली. मात्र २०१० मधील अखेरचा भाग वादग्रस्त ठरला आणि मिळालेले स्वातंत्र्य निर्मात्यांनी वाया घालवले, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. हा निष्कर्ष चुकीच्या निकषावर आधारलेला आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. शेवटाच्या अधिकाराचे मोल शेवटच्या भागावरून ठरत नाही. त्या अधिकारामुळे कथेच्या मध्यभागाला जो आकार येतो त्यावरून ते ठरते.

मध्यभागाचे दुखणे

नाट्यशास्त्राने कथानकाचे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी मानले आहेत. मुखसंधीत पेरलेले बीज निर्वहणात फळाला येते. मालिकेच्या संदर्भात या मांडणीचा एक उपयोग असा की, निर्वहण कधी येणार हे ठाऊक नसेल तर गर्भ आणि विमर्श यांना मर्यादाच उरत नाही, हे तिच्यामुळे स्पष्ट होते. आपल्याकडे ज्याला ‘पाणी घालणे’ म्हणतात त्याचे मूळ लेखकाच्या आळसापेक्षा या अनिश्चिततेत अधिक आहे.

‘लॉस्ट’ची सुरुवात सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेल्या विमानाच्या अपघाताने होते. वाचलेले प्रवासी एका गूढ बेटावर अडकतात. प्रत्येक भागात वर्तमानातील एका घटनेबरोबर एखाद्या पात्राचा पूर्वेतिहास येतो. पहिल्या दोन पर्वांत ही रचना प्रभावी ठरली. परंतु भूतकाळ हा संपणारा साठा आहे. फेब्रुवारी २००७ मधील एका भागात नायक जॅकच्या दंडावरील गोंदणाची कथा सांगण्यात आली. या भागाला पुढे खुद्द निर्मात्यांनीच कथा खुंटल्याचा पुरावा मानले. बेटावरून कोणाला सुटू द्यावे तर कथा संपते, न द्यावे तर ती पुढे सरकत नाही, अशी ही कोंडी होती.

२००७ चा निर्णय आणि त्याचे फलित

मे २००७ मध्ये वाहिनीने जाहीर केले की, आणखी ४८ भाग तीन पर्वांत दाखवून २०१० मध्ये मालिका संपेल. प्रेक्षकसंख्या आधीच्या पर्वापेक्षा घटली असली, तरी वाहिनीच्या महत्त्वाच्या मालिकांत ‘लॉस्ट’ची गणना होत होती. म्हणूनच हा निर्णय अपवादात्मक होता.

त्याच महिन्यात तिसऱ्या पर्वाचा ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ हा अंतिम भाग प्रसारित झाला. त्यात जॅकचे व्यसनाधीन, उद्ध्वस्त आयुष्य दिसते. सवयीने प्रेक्षक त्याला भूतकाळ समजतो. अखेरच्या दृश्यात कळते की तो भविष्यकाळ आहे. जॅक बेटावरून सुटला आहे आणि आता परत जाण्यासाठी तळमळतो आहे. ‘ते सुटतील का?’ या प्रश्नाची जागा ‘सुटूनही ते मुक्त का नाहीत?’ हा अधिक सखोल प्रश्न घेतो. ज्या मालिकेला अनंतकाळ चालायचे आहे तिला आपले भविष्य असे उघड करणे परवडत नाही.

चौथ्या पर्वातील ‘द कॉन्स्टंट’ (२००८) या भागात हीच मर्यादा सौंदर्यात रूपांतरित होते. डेस्मंडची जाणीव १९९६ आणि २००४ यांच्यात हेलकावे खाते. १९९६ मध्ये तो पेनीकडून तिचा दूरध्वनी क्रमांक मिळवतो आणि २४ डिसेंबर २००४ पर्यंत फोन न करण्याचे वचन देतो. त्या दिवशी पेनी फोन उचलते, तेव्हा आठ वर्षांची प्रतीक्षा एका क्षणात एकवटते. ठरलेल्या तारखेमुळे प्रतीक्षेला अर्थ येतो, हे या भागाचे सूत्र आहे. मालिकेच्या नव्या स्थितीचेही याहून नेमके वर्णन करता येणार नाही.

अखेरचा भाग : सिद्धी आणि मर्यादा

पहिल्या भागात बांबूच्या वनात जॅकचा डोळा उघडतो. अखेरच्या भागात तेथेच तो मिटतो. बीज आणि फळ यांचा हा मेळ निर्दोष आहे. सहाव्या पर्वातील समांतर आयुष्य मात्र मरणोत्तर भेटीचे स्थान ठरते आणि सारी पात्रे आरंभापासूनच मृत होती, असा गैरसमज पसरला. बेटावरचे सारे खरेच घडले, असे संवादात स्पष्ट सांगूनही तो टिकला. पात्रांचे निर्वहण झाले. रहस्यांचे मात्र पूर्णपणे झाले नाही.

शिवाय अधिकार मिळाला म्हणून नियंत्रण मिळतेच असे नाही. २००७–०८ च्या लेखकांच्या संपामुळे चौथे पर्व १४ भागांवर थांबले. वॉल्ट या मुलाची भूमिका करणारा अभिनेता कथेतील काळापेक्षा झपाट्याने मोठा झाला आणि ते महत्त्वाचे सूत्र क्षीण झाले.

अटी कोणाच्या?

निर्मात्याचा हा अधिकार निरपेक्ष मानावा काय, या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याकडील एक प्रसंग आठवणे उपयुक्त ठरेल. दूरदर्शनवरील रामानंद सागर यांची ‘रामायण’ (१९८७–८८) ही मालिका ५२ भागांची ठरली होती. ती ७८ भागांपर्यंत वाढली आणि राज्याभिषेकापाशी थांबली. उत्तरकांड वगळल्याने वाल्मीकी समाजातील सफाई कामगारांनी उत्तर भारतातील काही शहरांत संप केला. पुढे ‘उत्तर रामायण’ निर्माण झाले. ही मागणी प्रेक्षकसंख्येच्या हिशेबातून आलेली नव्हती. ज्या ऋषीला आपण आपला पूर्वज मानतो त्याचे कथेतील स्थान पडद्यावर यावे, असा तो आग्रह होता. सामूहिक स्मृतीतील कथेचा शेवट एकट्या निर्मात्याच्या मालकीचा नसतो, हे येथे मान्य करावे लागते. ‘लॉस्ट’ ही स्वतंत्र निर्मिती असल्याने तिच्या निर्मात्यांचा दावा अधिक बळकट ठरतो. पण दोन्ही उदाहरणांत शेवट म्हणजे अर्थाचा निर्णय आहे, हे समान सूत्र आहे.

निष्कर्ष

मालिका योग्य वेळी थांबवणे हा केवळ संयमाचा किंवा प्रतिष्ठेचा प्रश्न नाही. तो रचनेचा प्रश्न आहे. ‘लॉस्ट’चा शेवट सदोष मानला, तरी तारीख निश्चित झाल्यानंतरच तिच्या कथनाला दिशा मिळाली, ही बाब नाकारता येत नाही. आपल्या महाविद्यालयांतून मालिकांचे अध्ययन करताना अखेरचा भाग आवडला की नाही, एवढ्यावर चर्चा थांबू नये. शेवट केव्हा ठरला, तो कोणी ठरवला आणि त्यामुळे आधीचे काय बदलले, हे प्रश्न विचारले, तरच मालिकेची समीक्षा कादंबरी आणि नाटक यांच्या समीक्षेच्या बरोबरीने उभी राहील.