झिजलेला दाता आणि आपला ‘साधी यंत्रे’चा पाठ

गेल्या उन्हाळ्यात अंबड रस्त्यावरील एका ओढ्याच्या पुलाचा चढ चढताना माझ्या विजेच्या सायकलीच्या मागच्या चाकातून खडखड आवाज आला. त्यानंतर मूठ पिळली की मोटर घुंघुं करी, पण चाक हलत नसे. सायकल टेम्पोत घालून जालन्याला नेली. दुकानदाराने मूठ एकदा पिळून पाहिली आणि निकाल दिला, “सर, मोटर गेली. आख्खं चाकच बदलावं लागंल.” नव्या चाकाची किंमत सायकलीच्या निम्म्या किमतीच्या आसपास होती. मी मान डोलावली.

या लेखातील टीका त्या दुकानदारावर नाही, माझ्या मान डोलावण्यावर आहे. वर्षानुवर्षे मी वर्गात ‘साधी यंत्रे’ शिकवत आलो. तरफेचे तीन प्रकार मला झोपेतही सांगता येतील. पण मोटर आवाज करीत फिरते आहे आणि चाक फिरत नाही, एवढ्या दोन गोष्टी समोर असताना ‘मोटर गेली’ हे विधान त्यांच्याशी जुळत नाही, हे माझ्या लक्षात आले नाही. ते लक्षात यावे असे काही मी स्वतः कधी शिकलो नव्हतो आणि मुलांनाही शिकवले नव्हते.

पाठात यंत्र नेहमी नवे असते

इयत्ता सहावीच्या सामान्य विज्ञानात ‘साधी यंत्रे’ हा पाठ आहे. तरफ, कप्पी, उतरण, पाचर यांची ओळख त्यातून होते आणि ती आवश्यकच आहे. तक्रार आहे ती हा विषय आपण ज्या रीतीने शिकवतो त्याविषयी. फळ्यावरील आपल्या चित्रातले प्रत्येक यंत्र आजच खोक्यातून काढल्यासारखे असते. तरफ वाकत नाही, कप्पीची खाच झिजत नाही, दंतचक्राचा दाता मोडत नाही. ‘यंत्राला वेळच्या वेळी तेल घालावे’ हे वाक्य आपण आरोग्याच्या नियमासारखे लिहून देतो आणि पुढे सरकतो.

कार्यक्षमतेचेही तसेच आहे. प्रत्यक्ष यंत्राची कार्यक्षमता शंभर टक्के नसते, घर्षणामुळे काही ऊर्जा ‘वाया जाते’, असे आपण सांगतो. ती जाते कोठे? बरीचशी उष्णता होऊन जाते, हे उत्तर मुले देतात. पण थोडा अंश पृष्ठभाग खरवडण्यात खर्ची पडतो आणि त्याचा पुरावा चिमटीत धरता येतो, हे आपण दाखवत नाही. माझ्या चाकाचे झाकण उघडले तेव्हा काळपट ग्रीसमध्ये नायलॉनचा पांढुरका चुरा मिसळलेला होता. कार्यक्षमतेच्या सूत्रातून गळालेला भाग मी त्या दिवशी प्रथमच डोळ्यांनी पाहिला.

चाकाच्या आत काय असते?

आपल्याकडील मोटार वाहन नियमांनुसार २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची आणि वजनाच्या मर्यादेत बसणारी विजेची सायकल ‘मोटार वाहन’ मानली जात नाही. अशा अनेक सायकलींच्या चाकाच्या तुंब्यातच मोटर बसवलेली असते. काहींत मोटर थेट चाक फिरवते, तेथे दंतचक्रे नसतात. काहींत मोटर लहान व वेगवान असते आणि दंतचक्रांनी तिचा वेग कमी करून बळ वाढवले जाते. माझी सायकल या दुसऱ्या प्रकारची.

तिची रचना ग्रहमालेसारखी असते. मध्यभागी मोटरच्या दांड्यावर पोलादी ‘सूर्यचक्र’, त्याभोवती नायलॉनची तीन ‘ग्रहचक्रे’ आणि त्या सर्वांना वेढणारे, आतल्या बाजूने दाते असलेले ‘वलयचक्र’. वलयचक्र तुंब्याला पक्के जोडलेले असते. सूर्याला १६, प्रत्येक ग्रहाला ३२ आणि वलयाला ८० दाते असे उदाहरण घेऊ. ग्रहांची चौकट स्थिर असेल, तर सूर्याचे ५ फेरे होतात तेव्हा वलयाचा, म्हणजेच चाकाचा, १ फेरा होतो, तोही उलट दिशेने. २६ इंची चाक ताशी २५ किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे २०० फेरे घेते. म्हणजे मोटरला सुमारे १००० फेरे घ्यावे लागतात.

ग्रहांची चौकट आसाला एकाच दिशेने अडणाऱ्या क्लचने जोडलेली असते. हा क्लच सायकलीच्या फ्रीव्हीलचाच भाऊ. मोटर बंद ठेवून आपण पुढे जातो तेव्हा चौकट मोकळी फिरते आणि मोटर ओढली जात नाही. चाक मागे फिरवले की क्लच अडतो आणि दंतचक्रांमार्फत मोटर फिरू लागते. हाताला तिच्या चुंबकांचा अडथळा जाणवतो.

निदान म्हणजे प्रश्नांची उतरंड

एवढी रचना कळली की निदान तर्काने करता येते. मूठ पिळल्यावर मोटर अजिबात बोलत नाही? मग बॅटरी, वायरचा जोड, ब्रेकमधील वीज तोडणारा स्विच, मूठ आणि नियंत्रक यांत दोष शोधावा. मोटर थरथरते, अडखळते, पण नीट फिरत नाही? तीनपैकी एखादी मुख्य वायर किंवा मोटरमधील हॉल संवेदक यांच्याकडे पाहावे. मोटर छान फिरते पण चाक फिरत नाही? मग वीज आपले काम करीत आहे, दोष दंतचक्रांत किंवा क्लचमध्ये आहे.

हे सारे मी वर्गात मांडले तेव्हा नववीतील एका मुलीने उठून चाक उलटे फिरवले आणि म्हणाली, “सर, मागं फिरवलं तरी काहीच अडत नाही.” परीक्षेत न विचारला जाणारा, पण खरा प्रयोग तो हाच. उलट फिरवताना अडथळा नसेल, तर दाते तुटले आहेत किंवा क्लच घसरतो आहे. दाते तुटले असतील तर मोटर चालताना खडखड होते, क्लच घसरत असेल तर आवाज बहुधा सलग येतो. आमच्याकडे खडखड होती.

दोष सुरुवातीचा असेल तर केवळ मोजून तो कोणत्या चक्रात आहे हेही कळते. बॅटरी काढून चाक हाताने सावकाश उलटे फिरवावे आणि एका फेऱ्यात किती वेळा ‘टक’ होते ते मोजावे. वरील उदाहरणात वलयाचा एक दाता बिघडला असेल तर तो तीन ग्रहांना एकेकदा भेटेल, म्हणजे ३ टक. सूर्याचा बिघडला असेल तर त्याचे ५ फेरे आणि दर फेऱ्यात ३ ग्रह, म्हणजे १५. एका ग्रहाचा बिघडला असेल तर तो ग्रह अडीच फेरे घेतो आणि दर फेऱ्यात एकदा सूर्याला, एकदा वलयाला भेटतो, म्हणजे ५. माझ्या चाकातून महिनाभर असा टकटक आवाज येत होता. मी तो ऐकला, मोजला नाही. गुणोत्तराचा पाठ आणि सायकलीचा आवाज यांचा काही संबंध असेल असे मनातच आले नाही.

उघडल्यावर

बॅटरी आधी काढली. चाक सोडवताना आसावरील वॉशर कोणत्या क्रमाने निघाले ते कागदावर काढून ठेवले. पोकळ आसातून जाणारी वायर पिळली जाणार नाही हे पाहिले. झाकणाचे स्क्रू काढल्यावर दिसले ते असे: एका ग्रहचक्राचे दाते पार भुईसपाट, उरलेल्या दोघांचे जागोजागी मोडलेले. सूर्य आणि वलय शाबूत होते.

याचेही गणित सोपे आहे. तिन्ही ग्रह भार वाटून घेतात तेव्हा प्रत्येकाकडे साधारण एक तृतीयांश येतो. एक निकामी झाला की उरलेल्यांवर निम्मा निम्मा, म्हणजे पूर्वीच्या दीडपट. ती दोन्ही लवकरच जाणार. म्हणून एकच चक्र मोडले तरी तिन्ही एकदम बदलावीत. दात्यांची संख्या, बाहेरचा व्यास, जाडी आणि मधले भोक मोजायला शाळेच्या प्रयोगशाळेतील व्हर्नियर उपयोगी पडला. बाहेरगावाहून मागवलेल्या तीन चक्रांची किंमत नव्या चाकाच्या किमतीच्या विसाव्या भागाहूनही कमी निघाली. जुने ग्रीस पुसून काढले, चुरा साफ केला, क्लच एकाच दिशेने फिरतो ना हे हाताने पाहिले, दात्यांवर नायलॉनला चालणाऱ्या ग्रीसचा पातळ थर दिला आणि झाकण लावले.

दोष कोणाचा?

‘नायलॉन वापरले, म्हणजे स्वस्त माल दिला’ अशी टीका गावात ऐकू येते. ती अपुरी आहे. नायलॉन पोलादापेक्षा शांत चालते, आणि फार ताण आला तर महागडा भाग मोडण्याआधी स्वतः मोडते. विजेच्या फ्यूजचा हाच धर्म. ‘पोलादाची गरारी बसवा, मिटली कटकट’ हा जुगाड म्हणूनच सरसकट शहाणपणाचा नाही. आवाज वाढतो आणि मोडण्याची पाळी सूर्यचक्रावर किंवा क्लचवर येऊ शकते. झीज वाढवण्यात आपलाही वाटा असतो. थांबलेल्या सायकलीवर पोते लादून, पायडल न मारता चढावर मूठ पूर्ण पिळली की दात्यांवर मोठा ताण येतो. सुरुवातीला दोन पायडल मारले तर तो बराच हलका होतो.

खरी टीका दुसऱ्या जागी हवी. माझ्या सायकलीच्या पुस्तिकेत आतील रचनेचे एकही चित्र नाही, दात्यांची संख्या नाही, सुट्या भागाचा क्रमांक नाही. फ्यूजसारखा भाग बसवायचा आणि तो बदलण्याची माहिती द्यायची नाही, हे फ्यूज पेटीत कुलूपबंद करण्यासारखे झाले. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे. परंतु ‘दोष कोठे आहे?’ हा प्रश्न ज्याला विचारता येत नाही, त्याच्या हाती हा हक्क देऊन फारसे काय साधणार? तो प्रश्न शिकवणे हे शाळेचे काम आहे.

वर्गात काय करावे?

यासाठी विजेची सायकल लागत नाही. आपल्या जिल्ह्यात कडबाकुट्टीचे यंत्र गोठ्यागोठ्यात आणि रसवंतीचा चरक बाजारात आहे. दोन्हींची दंतचक्रे डोळ्यांसमोर असतात. यंत्र बंद असताना मुलांनी दाते मोजावेत, दात्याची कोणती बाजू चकाकते ते पाहावे. एकच बाजू चकाकत असेल तर यंत्र कोणत्या दिशेने फिरते ते न विचारता सांगता येते.

साध्या सायकलीची साखळीही उत्तम साधन आहे. तिच्या लगतच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. अशी २४ अंतरे नव्या साखळीत ३०४.८ मिलिमीटर भरतात. तीच ३०८ भरली तर साखळी एक टक्का ‘वाढली’. ती ताणली गेलेली नसते, तिच्या पिना आणि भोके झिजलेली असतात. वाढलेली साखळी चक्राचे दातेही खाते. पट्टीने होणारे हे मापन पाचवीचे मूलही करील.

हे काही नवे नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो हातांनी काम करता करता शिकण्याच्या विचारावरच. त्यातून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय शाळांत पोहोचला. जेथे असा वेगळा विषय नाही, तेथे ‘साधी यंत्रे’च्या दोन तासिकांत एक मोडके यंत्र आणण्यास कोणाची परवानगी लागू नये.

एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळावी. विजेच्या सायकलीची बॅटरी मुलांनी, आणि आपणही, उघडू नये. दंतचक्र चुकीचे बसले तर खडखडते, लिथियमची बॅटरी चुकीची हाताळली तर पेट घेते. काय उघडावे आणि काय उघडू नये, हे ओळखणेही निदानाचाच भाग आहे.

ती भुईसपाट झालेली तीन चक्रे आता आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात, व्हर्नियरशेजारी आहेत. ‘साधी यंत्रे’चा पाठ आला की ती आधी मुलांच्या हातात देतो, व्याख्या नंतर सांगतो.