१०६६ आणि इंग्रजीचा ‘मध्यकाळ’: एका कालविभागणीची फेरतपासणी

इंग्रजी भाषेच्या इतिहासाची प्राचीन, मध्य आणि अर्वाचीन अशी जी त्रिविध विभागणी सर्वत्र रूढ आहे, तिच्यामागे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेन्री स्वीट यांनी दिलेला एक निखळ व्याकरणिक निकष आहे. पूर्ण प्रत्ययांचा काळ, झिजून एकसारख्या झालेल्या प्रत्ययांचा काळ आणि प्रत्ययलोपाचा काळ, अशा त्या तीन अवस्था होत. वाङ्मयेतिहासकारांच्या हाती पडल्यावर मात्र या निकषात एक राजकीय तारीख मिसळली गेली. १०६६ साली हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मन विजयी झाले, दरबारात व उमरावांत फ्रेंचचा अंमल सुरू झाला, आणि म्हणून इंग्रजीचे प्रत्यय गळाले, अशी ही मांडणी आहे. तिच्यातील ‘म्हणून’ हा शब्दच तपासावयास हवा.

या समजुतीला लोकप्रियता मिळाली ती प्रामुख्याने शब्दसंग्रहाच्या आधारे. जनावर गोठ्यात असेतो त्याचे नाव सॅक्सन आणि ताटात वाढले की फ्रेंच, ही वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ (१८१९) मधील विदूषकाची कोटी अजूनही पाठ्यपुस्तकांत पुराव्याच्या थाटात वावरते. कोटी म्हणून ती चांगली आहे. पण ऑटो येस्पर्सन यांनी १९०५ च्या आपल्या ग्रंथात ऑक्सफर्ड कोशातील एक हजार फ्रेंच शब्दांच्या पहिल्या नोंदी कालक्रमाने मांडल्या, तेव्हा सर्वांत मोठा वाटा १२५१ ते १४०० या दीड शतकाचा निघाला. फ्रेंच शब्दांचा लोंढा आला तो फ्रेंच भाषक इंग्लंडमध्ये उतरले तेव्हा नव्हे, तर त्यांच्या वंशजांनी फ्रेंच सोडून इंग्रजी जवळ केली तेव्हा. शिवाय शब्द उसने घेतल्याने रूपव्यवस्था कोसळतेच असे नाही. मराठीने शतकानुशतके फार्सी शब्द पचवले, परंतु तिची तीन लिंगे आणि सामान्यरूपे जागची हलली नाहीत. मध्य इंग्रजी ही फ्रेंचच्या संपर्कातून जन्मलेली मिश्रभाषा असल्याचा बेली व मारोल्ट यांचा १९७७ मधील सिद्धान्त यासाठीच टिकू शकला नाही. थॉमसन व कॉफमन यांनी १९८८ मध्ये त्याचे सविस्तर खंडन केले.

मग प्रत्यय केव्हा झिजले? लिंडिसफार्न येथील लॅटिन शुभवर्तमानांच्या ओळींच्या मधल्या जागेत ऑल्ड्रेड या धर्मगुरूने दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्थम्ब्रियन बोलीत शब्दार्थ लिहिले. त्यांत विभक्तिप्रत्ययांची व लिंगांची सरमिसळ ठळकपणे दिसते. आणि हेस्टिंग्ज अजून शंभर वर्षे दूर आहे. केम्प मलोन यांनी १९३० मध्ये प्राचीन काव्याच्या चार प्रमुख हस्तलिखितांतील प्रत्यय तपासले आणि इ. स. १००० च्या सुमारासच मध्य इंग्रजी सुरू झाल्याचे प्रतिपादन केले. मलोन यांचा पुरावा म्हणजे नकलनवीसांच्या चुका, असा आक्षेप घेता येईल. पण भाषेच्या इतिहासात चूक हीच अनेकदा विश्वासार्ह साक्ष असते. विंचेस्टरच्या शाळेत घडलेला एल्फ्रिक जे नेटके प्रत्यय लिहितो, ते त्याच्या काळचे लोक उच्चारीत होते असे त्यावरून सिद्ध होत नाही. ते लिहावयास शिकवले जात होते, एवढेच सिद्ध होते. थकलेला लेखनिक एका प्रत्ययाच्या जागी दुसरा लिहितो तेव्हा त्याचा कान बोलत असतो.

पीटरबरोच्या मठातील इतिवृत्त या दृष्टीने असाधारण महत्त्वाचे आहे. १११६ च्या आगीनंतर तेथील भिक्षूंनी ११२१ पर्यंतचा वृत्तान्त जुन्या प्रतीवरून उतरवून घेतला. त्याची भाषा जवळजवळ जुनीच प्रमाण वेस्ट सॅक्सन आहे. ११२२ ते ११३१ च्या नोंदींत ही प्रमाणभाषा लिहिण्याची धडपड दिसते, पण ती निभत नाही. ११३२ ते ११५४ चा भाग लिहिणाऱ्याने तो प्रयत्नच सोडला आहे. व्याकरणिक लिंग जवळपास नाहीसे झाले आहे, आणि ११४० च्या नोंदीत सम्राज्ञी मटिल्डेसाठी आलेले स्त्रीवाचक सर्वनाम हे आजच्या ‘शी’चे पहिले लिखित रूप मानले जाते. फ्रेंच शब्द मात्र तुरळकच. तीन दशकांत कोणतीही बोली एवढी बदलत नाही. बदलली होती ती लेखनाची शिस्त. नॉर्मन विजयाचा खरा परिणाम येथे दिसतो: १०७० च्या सुमारास राजाज्ञा इंग्रजीऐवजी लॅटिनमध्ये निघू लागल्या, मठांच्या व धर्मपीठांच्या प्रमुखपदी परके आले, आणि प्रमाण इंग्रजी शिकवण्याचे प्रयोजन उरले नाही. विजेत्यांनी इंग्रजीचे व्याकरण मोडले नाही. आधीच मोडलेल्या व्याकरणावरचे आच्छादन तेवढे दूर केले.

याचा अर्थ आर. डब्ल्यू. चेम्बर्स यांनी १९३२ मध्ये मांडलेले गद्याचे अखंडत्व जसेच्या तसे स्वीकारावे असा नाही. ॲल्फ्रेडपासून टॉमस मोरपर्यंत त्यांनी जी सलग रेषा काढली, तिचा मधला भाग बहुतांशी धर्मोपदेशपर लेखनावर तोललेला आहे, आणि त्यात राष्ट्राभिमानाचा सूर लपत नाही. खंडाच्या मिथकाला दिलेले हे अखंडतेचे मिथक म्हणावे लागते. तथापि पश्चिम मिडलंड्समधील ज्या लेखनपरंपरेवर त्यांचा भर आहे, ती खरी होती. वुस्टर येथे वुल्फस्टन हा इंग्रज धर्माध्यक्ष १०९५ पर्यंत पदावर होता, आणि त्याच्या पीठात जुनी हस्तलिखिते जपली गेली.

याच वुस्टरमध्ये तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात एका भिक्षूने ती हस्तलिखिते बाहेर काढली. त्याचे नाव ज्ञात नाही. हात कापत असल्याने अभ्यासक त्याला ‘कंपित हस्त’ म्हणतात. जुन्या इंग्रजी शब्दांवर तो लॅटिन, क्वचित इंग्रजी अर्थ लिहीत गेला, म्हणजे त्याच्या वाचकांना ते शब्द आता कळत नव्हते. एल्फ्रिकचे व्याकरणही त्याने उतरवून घेतले. इंग्रजीच्या आधारे लॅटिन शिकवण्यासाठी लिहिलेल्या त्या ग्रंथातील इंग्रजी मात्र त्याने स्वतःच्या काळच्या रूपांत लिहिली. आणि त्याच हस्तलिखितात एक लहानसे पद्य घातले, ज्यात पूर्वीच्या इंग्रज गुरूंचा आणि त्यांच्या लोपलेल्या शिकवणीचा शोक केला आहे.